नमस्कार करतात, पण विचारत नाहीत

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की वयावरून भेदभाव हा पाश्चात्त्यांचा प्रश्न, आपल्याकडे वडीलधाऱ्यांना मान असतोच. असतो, खरंय. पण गेल्या वर्षी आईला (वय ७८) डॉक्टरांकडे नेलं, तर पंधरा मिनिटं ते माझ्याशीच बोलत होते. "आजींना भूक लागते का? झोप?" आजी समोरच बसलेल्या, कान शाबूत, रोजचं शब्दकोडं पुरं केल्याशिवाय न उठणाऱ्या. शेवटी तीच म्हणाली, "अहो, मला विचारा की!" माणूस वाईट नव्हता हो, निघताना वाकून नमस्कारही केला त्यांनी.

नमस्काराला पैसे पडत नाहीत. पैशाचा विषय आला की खरी परीक्षा. आरोग्य विम्याची नवी पॉलिसी घ्यायला असलेली ६५ ची वयोमर्यादा विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने काढली ती थेट एप्रिल २०२४ मध्ये. आता पॉलिसी मिळते, पण हप्ता ऐकून डोळे पांढरे होतात.

याच चर्चेत २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा उल्लेख आलाय. त्यात मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, कलम २३ मात्र नसतं. सांभाळायच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि मुलांनी सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. फक्त ती अट कागदावर स्पष्ट लिहून घ्या. "पोटच्या पोराकडून काय लिहून घ्यायचं" म्हणत इथेच लोक कच खातात.