जुन्या नाट्यगृहात आईला न्यायचंय, कुठल्या जागा घेऊ?

मंडळी, मदत हवी आहे. पुढच्या महिन्यात आईला एका शंभराहून जास्त वर्षं जुन्या नाट्यगृहात प्रयोगाला न्यायचंय. घोड्याच्या नालासारखं प्रेक्षागृह, एकावर एक तीन बाल्कन्या, छताला सोनेरी नक्षी. आईची हौस दांडगी, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि दोन्ही कानांत मशीन आहे. कठडा धरून पाच-सहा पायऱ्या चढते, त्यापुढे नको.

बुकिंगच्या नकाशावर सगळ्या खुर्च्या सारख्याच दिसतात. एकदा असाच फसलोय. दुसऱ्या एका जुन्या नाट्यगृहात स्वस्त मिळाली म्हणून कडेची तिकिटं काढली, तर नाकासमोर ओतीव लोखंडाचा खांब! नायिका खांबाच्या डावीकडे आली की दिसायची, आणि बाईंना सगळं काम नेमकं उजवीकडे.

तळमजला घेतला की पायऱ्यांचा प्रश्न मिटतो ना? संवाद ऐकू येतील? मध्यंतरात स्वच्छतागृहाचं कसं जमवावं? जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद १

'तळमजला' शब्दावर विसंबू नका. लंडनच्या वेस्ट एंडमधल्या बऱ्याच जुन्या नाट्यगृहांत खालच्या खुर्च्या रस्त्याच्या पातळीखाली आहेत, त्यामुळे दारातून आत आलं की जिना उतरायचा. तिथे पहिली बाल्कनीच रस्त्याला जवळ पडते. तेव्हा मजला विचारू नका, 'रस्त्यापासून खुर्चीपर्यंत पायऱ्या किती' ते विचारा. लिफ्ट असली तरी ती कुठल्या मजल्यापर्यंत जाते तेही विचारा, कारण ती मागाहून बसवलेली असते.

वाटेलगतची खुर्ची घ्या. वाट कुठे आहे तेही बघा. जर्मन संगीतकार वागनरच्या, बायरॉइट गावातल्या नाट्यगृहात (१८७६) मधली वाटच नाही, ओळी सलग. मधोमध बसलात की बाहेर पडताना अख्ख्या ओळीचे गुडघे मोजायचे.

खांबांचं म्हणाल तर १९व्या शतकाच्या अखेरीस पोलादी तुळया आल्या, तेव्हा कुठे बाल्कन्या खांबांशिवाय तोलल्या जाऊ लागल्या. इमारत त्याआधीची असेल तर खांब गृहीतच धरा.

प्रतिसाद २

मीही मशीनवाली. मशीनमध्ये 'टी' मोड आहे का ते आधी बघून घ्या. नाट्यगृहात इंडक्शन लूप (आवाज बिनतारी मशीनपर्यंत पोचवणारं तारेचं वेटोळं) असेल तर त्या मोडवर रंगमंचावरचा माईक थेट कानात येतो, शेजारच्याच्या पिशवीची खसखस नाही. काही ठिकाणी इन्फ्रारेड, म्हणजे अदृश्य प्रकाशातून आवाज पकडणारे, हेडफोन देतात. त्याचा प्रकाश अडला की आवाज जातो, म्हणून खांबाआड किंवा बाल्कनीखाली फार आत बसू नका. तिथे रंगमंचाचा वरचा भागही कापला जातो.

स्वच्छतागृहाला प्रयोगाआधीच जाऊन या. जुन्या वास्तूंत बायकांची सोय हमखास अपुरी, मध्यंतर रांगेतच संपतं.

धागाकर्ता

आभार! आज फोन केला. खाली जायला १४ पायऱ्या निघाल्या, पहिल्या बाल्कनीला बाजूच्या दाराने फक्त ३. वाटेलगतच्या दोन खुर्च्या घेतल्या. मशीनला 'टी' मोड आहे, त्यांच्याकडे लूपही आहे. त्याआधी दुसऱ्या एका जागेसाठी खांबाचं विचारायला लागलो, तर आसन क्रमांक पुरता सांगायच्या आत पलीकडच्या बाई म्हणाल्या, "ती नका घेऊ."