साक्षीदार फितूर होतो, मग फॉरेन्सिक अहवाल कधीच होत नाही का?

तिऱ्हाईत :
‘साक्षीदार फितूर होतो, विज्ञान होत नाही, म्हणून फॉरेन्सिक अहवाल आला की खटला तिथेच संपायला हवा,’ असे स्पष्टवक्ता यांनी काल लिहिले आणि अनेकांनी माना डोलावल्या. हे विधान इतके बेफिकीर आहे की त्याला दोन ओळींचे उत्तर पुरणार नाही. न्यायालयात विज्ञान स्वतः उभे राहत नाही, उभा राहतो तो तज्ज्ञ आणि त्याचे मत. अ‍ॅरिझोनात रे क्रोन यांना 1992 मध्ये मृतदेहावरील दातांच्या खुणांवरून दोषी ठरवून मृत्युदंड दिला गेला, फेरखटल्यातही ते दोषीच ठरले आणि 2002 मध्ये डीएनए दुसऱ्याच माणसाशी जुळला तेव्हा कुठे ते सुटले. केसांच्या सूक्ष्मदर्शकीय तुलनेबाबत एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपाससंस्थेने आपल्याच तज्ज्ञांच्या जुन्या साक्षी तपासल्या, तेव्हा आरोपीच्या विरोधात गेलेल्या 268 खटल्यांपैकी 257 खटल्यांत त्यांनी शास्त्राला न पेलणारी विधाने केल्याचे 2015 मध्ये मान्य करावे लागले. यांतले कोणी लाच खाल्ली होती असे नाही. ‘हा केस आरोपीच्या केसासारखा दिसतो’ एवढेच म्हणता येत असताना ते त्याच्या फार पुढे गेले, आणि न्यायालयाने ते ऐकून घेतले.

स्पष्टवक्ता :
क्रोन यांना कोणी सोडवले? डीएनएने, म्हणजे विज्ञानानेच. आपण माझाच मुद्दा सिद्ध केल्याबद्दल आभार मानतो. माझ्या सख्ख्या मावशीच्या खुनाच्या खटल्यात तीन प्रत्यक्षदर्शी एकापाठोपाठ एक उलटले आणि आरोपीच्या सदऱ्यावरचे रक्त नसते, तर तो माणूस आज आमच्यासमोरून मिशीला पीळ देत फिरला असता. आपल्यासारख्यांच्या शंकेखोरपणाचा फायदा निरपराधांना होतो की सराईतांना, हे एकदा शांतपणे तपासून पाहावे.

तिऱ्हाईत :
आपल्या मावशींबद्दल मनापासून वाईट वाटते, पण एका खटल्यात रक्ताचा डाग खरा ठरला म्हणून दुसऱ्या खटल्यातील दातांच्या खुणा खऱ्या ठरत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 2009 च्या अहवालात नेमका हाच भेद केला आहे : डीएनए सोडल्यास, सापडलेला पुरावा अमुक एका व्यक्तीचाच आहे असे खात्रीने सांगण्याची क्षमता इतर कोणत्याही पद्धतीने कठोर कसोटीवर सिद्ध केलेली नाही.

सूक्ष्मदर्शी :
आयुष्यभर प्रयोगशाळेत काम करून निवृत्त झालेल्या माणसाने हे वाचून गप्प बसावे, अशी अपेक्षा दिसते. आमच्याकडे काय येत असे, हे कोणी विचारतो का? रक्ताने भिजलेले कापड सावलीत वाळवून कागदी पाकिटात द्यायचे असते, हे वारंवार कळवूनही ते ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून येई, उघडले की बुरशीचा वास येई आणि लाखेचे सील निम्मे गळून पडलेले असे. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिल्लीच्या छावला येथील तरुणीवरील बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना निर्दोष सोडले, तेव्हाही डीएनएचे नमुने बरेच दिवस पोलिसांच्या मालखान्यातच, म्हणजे जप्त वस्तू ठेवण्याच्या खोलीतच, पडून होते, हा मुद्दा महत्त्वाचा ठरला. दोष पद्धतीला देण्याआधी नमुने कोणी नासवले ते पाहा.

उलटतपासणी :
नमुन्यासोबत पोलिसांचे पत्रही येत असेल. त्यात काय लिहिलेले असे?

सूक्ष्मदर्शी :
गुन्ह्याची थोडक्यात हकीकत, आरोपीचे नाव, आणि कधीकधी त्याने गुन्हा कबूल केल्याचा उल्लेख. त्याचा आमच्या नजरेवर काडीचाही परिणाम होत नसे.

उलटतपासणी :
हे आपण कोणत्या आधारावर सांगता? 2004 च्या माद्रिद रेल्वे स्फोटांनंतर एफबीआयच्या तज्ज्ञांनी एका पिशवीवरचा बोटाचा ठसा ओरेगॉनचे वकील ब्रँडन मेफिल्ड यांचाच असल्याचे ठामपणे सांगितले, स्पॅनिश पोलिसांनी शंका घेतली तरी ते हटले नाहीत आणि न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही त्यांचीच री ओढली. अखेर स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा एका अल्जेरियन व्यक्तीचा असल्याचे दाखवल्यावर माफी मागावी लागली. पुढे 2006 मध्ये मानसशास्त्रज्ञ इटिएल ड्रोर आणि सहकाऱ्यांनी पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना, पूर्वी त्यांनी स्वतःच जुळवलेले ठसे मेफिल्ड प्रकरणातले म्हणून दाखवले, तेव्हा पाचांपैकी चौघांनी आपलेच जुने मत बदलले. ठसे तेच होते, बदलली होती ती सोबत सांगितलेली हकीकत.

सूक्ष्मदर्शी :
पाच माणसांवरून आमची सगळी जमात खोटी ठरवायची असेल, तर वकिलांबद्दल बोलायला मला दोनच पुरेत!

उलटतपासणी :
खोटे कोणीच म्हटलेले नाही. प्रामाणिक माणूसही चुकतो, आणि स्वतःच्या प्रामाणिकपणावर विसंबल्यामुळे त्याला ती चूक दिसत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. परीक्षकाला फक्त क्रमांक टाकलेले नमुने द्यावेत आणि पत्र दुसऱ्याने उघडावे, याला आपला आक्षेप का असावा?

स्पष्टवक्ता :
म्हणजे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरलाही प्रेत कुठे सापडले ते सांगायचे नाही का? विहिरीत सापडले की गळफास लागलेले, हे माहीत नसताना तो काय डोंबल निदान करणार?

तिऱ्हाईत :
हा आक्षेप रास्त आहे. आपल्याकडून आला याचेच आश्चर्य वाटते. डॉक्टरला घटनास्थळ कळायलाच हवे. आरोपीने कबुली दिली आहे, हे मात्र त्याला कळण्याचे काहीच कारण नाही, आणि ठसे किंवा हस्ताक्षर पाहणाऱ्याला तर यातले काहीच लागत नाही.

सूक्ष्मदर्शी :
ठीक आहे, पत्र कारकुनाने उघडावे. त्याने आमची अब्रू वाचणार असेल तर तेही करू. पण माझ्या अख्ख्या नोकरीत एकाही वकीलसाहेबांनी साक्षीच्या पिंजऱ्यात मला ‘पत्र आधी वाचले होते का?’ असे विचारलेले नाही, हेही नोंदवून ठेवावे.

उलटतपासणी :
विचारायला तज्ज्ञ समोर यावा लागतो. आपल्या कायद्यात सरकारी तज्ज्ञाचा अहवाल, त्याला न बोलावताही, पुराव्यात वाचता येतो. त्याला बोलावण्यासाठी मी अर्ज करतो, तेव्हा सरकारी वकील ‘वेळकाढूपणा’ म्हणून विरोध करतात आणि बहुतेकदा तो अर्ज तिथेच फेटाळला जातो.