मदत हवी आहे: चिमट्याचा बोल्ट निघत नाही

२०१२ची स्प्लेंडर. मागचं चाक डोलतं. बेअरिंग नवीन टाकले, तरी तेच. चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचे, रबरी बुश गेलेत. केळीच्या बागेतला चिखल, दुसरं काय!

चाक, शॉकअप, चेनकव्हर काढलं, नटही सुटला. पण चिमटा फ्रेमला जोडणारा आडवा लांब बोल्ट बुशाच्या नळीत गंजून बसलाय. दोन दिवस डिझेल सोडलं, टोकावर जुना नट ठेवून हातोडा मारला. पान्याने फिरवला की बुशाचं रबर पिळतं, सोडला की परत जागेवर!

गॅसने तापवणं नको, गाडी ओसरीत आहे. चोपड्याचा लेथवाला बुश दाबून देईल, पण चिमटा सुटा आणा म्हणतो.

नवीन बोल्ट आणून ठेवलाय. फ्रेम आणि चिमट्यामधल्या फटीतून नुसत्या हॅक्सॉ ब्लेडने जुना दोन्हीकडून कापला तर चालेल का, भाऊ? कोणी केलंय का?