अमायलॉइड खोटं आणि तंतुकणिका खऱ्या? अल्झायमरवरच्या त्या पोस्टला उत्तर

सांजवात

परवा 'ऊर्जाकण' यांनी लिहिलं की अमायलॉइड, म्हणजे मेंदूत साचणारं चिकट प्रथिन, हेच अल्झायमरचं मूळ ही सगळी कथा थापेबाजी ठरली आहे. अल्झायमर म्हणजे तंतुकणिका (पेशीत ऊर्जा बनवणारे कण, मायटोकॉन्ड्रिया) बिघडून चेतापेशींची वीज जाणं, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना को-क्यू टेन हे पूरक आणि अँटिऑक्सिडंट आजच सुरू करा. खाली किती जणांनी 'डोस किती?' असं विचारलंय, ते पाहिलं आणि राहवेना. म्हणून वेगळा धागा काढतेय.

तंतुकणिकांचा बिघाड खोटा आहे असं मी म्हणत नाही. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्क्यांच्या आसपास. एकेका चेतापेशीचा तंतू हाताएवढा लांब असू शकतो. त्याच्या टोकापर्यंत तंतुकणिका वाहून न्याव्या लागतात आणि जुन्या झालेल्या मोडीत काढाव्या लागतात. अल्झायमरमध्ये ही वाहतूकही अडखळते आणि मोडणीही. खिळखिळ्या झालेल्या तंतुकणिकेतून सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर गळलं की पेशी स्वतःलाच संपवायला लागते. हे सगळं मान्य.

पण घरात पाणी शिरलं की फ्यूजही उडतो. म्हणून पूर फ्यूजमुळे आला असं होत नाही.

आणि गोळ्यांचं म्हणाल तर २०१२ मध्ये ७८ रुग्णांवर चाचणी झालेली आहे. १६ आठवडे एका गटाला ई आणि क जीवनसत्त्व व लिपोइक आम्ल दिलं, दुसऱ्याला को-क्यू टेन, तिसऱ्याला नुसती दिखाऊ गोळी. पाठीतल्या पाण्यातलं अमायलॉइड आणि टाऊ (या रोगातलं दुसरं प्रथिन) कुठल्याच गटात हललं नाही. पहिल्या गटात ऑक्सिडेशनची एक खूण कमी झाली खरी, पण त्याच गटाचे स्मरणचाचणीतले गुण जास्त वेगाने घसरले. हे त्या पोस्टमध्ये का नाही?

ऊर्जाकण

ताई, उपमा छान आहे, पण उत्तर अर्धवट आहे. अल्झायमरच्या रुग्णांच्या प्लेटलेटमधल्या तंतुकणिका काढून, स्वतःचा तंतुकणिकी डीएनए नसलेल्या पेशींत घातल्या, तर त्या पेशींतही सायटोक्रोम ऑक्सिडेज या ऊर्जा बनवणाऱ्या विकराचं काम मंदावलं. तिथे कुठला आलाय मेंदूतला पूर? यावरूनच २००४ मध्ये स्वर्डलो आणि खान या संशोधकांनी मांडलं की तंतुकणिकांचा ऱ्हास आधी, अमायलॉइड नंतर.

तुमच्या बाजूचा १९९२ चा अमायलॉइडचा सिद्धांत तीस वर्षं सगळा निधी खाऊन बसला. २००६ चा तो गाजलेला उंदरांवरचा निबंध, ज्यातल्या प्रतिमांत फेरफार निघाली, तो मागे घ्यायला २०२४ उजाडलं. थापेबाजी हा शब्द मी उगाच वापरला नाही.

आणि हे पुस्तकी नाही माझं. आईला अमायलॉइड काढणारी सलाइनं सुरू केली होती. चौथ्यानंतर एमआरआयमध्ये मेंदूला सूज दिसली, बंद करावी लागली. ती मला 'दादा' म्हणायची, स्वतःच्या भावाच्या नावाने. सूज उतरल्यावर तेवढंही म्हणेनाशी झाली.

खडूफळा

आईबद्दल वाचून वाईट वाटलं. तरीही तो निबंध म्हणजे अख्खा सिद्धांत नव्हे. तो निबंध अमायलॉइडच्या एका विशिष्ट गुच्छाबद्दल होता. एपीपी आणि प्रीसेनिलिन या जनुकांत बिघाड झाला की चाळिशी-पन्नाशीतच अल्झायमर होतो, आणि ती जनुकं अमायलॉइड तयार होण्याशीच निगडित आहेत. उलट २०१२ मध्ये आइसलँडमध्ये एपीपीचाच असा बदल सापडला की अमायलॉइड कमी बनतं आणि रोगापासून बचाव होतो. दोन्ही टोकांनी पुरावा एकाच जागी येतो. तंतुकणिकांच्या बाजूने इतकं पक्कं काही दाखवा.

ऊर्जाकण

ते कौटुंबिक अल्झायमरचे मूठभर रुग्ण, १ टक्क्याच्या आतले. बाकीच्यांचं काय? मेंदूत अमायलॉइड भरलेलं आणि स्मरण ठणठणीत, असे म्हातारे कितीतरी सापडतात.

काजळकाठ

मध्येच विचारते, माफ करा. तंतुकणिका आईकडूनच येतात ना? माझ्या आजीला होता, आता आईला आहे. म्हणजे माझी पाळी ठरलेली? सासरी तर उघड बोलतात की हे तुमच्या बाजूचं रक्त आहे, आता नातीत उतरणार. मुलगी अकरा वर्षांची आहे. परवा ती कंपास शोधत होती तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'लागलं बघ आत्तापासून.' ती रात्री माझ्याजवळ येऊन विचारत होती, मी पण विसरणार का सगळं.

रोखठोक

कटू वाटेल, पण विज्ञान ते विज्ञान. आईला अल्झायमर असलेल्यांच्या मेंदूत ग्लुकोजचा वापर कमी दिसतो, वडिलांना असलेल्यांच्यात तसा नाही, हे पेट स्कॅनवर दिसलेलं आहे. सासरच्यांना कशाला दोष?

खडूफळा

रोखठोक, अकरा वर्षांच्या मुलीबद्दल बोलतोय आपण, जरा जपून!

काजळकाठ, नीट वाचा. तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए आईकडून येतो, बरोबर. पण त्यात जनुकं फक्त ३७, आणि त्यातून प्रथिनं बनतात १३. तंतुकणिका चालायला हजारावर प्रथिनं लागतात. बाकी सगळी पेशीकेंद्रातल्या डीएनएवरून बनतात, आणि तो डीएनए आईवडील दोघांकडून येतो. उतारवयातल्या अल्झायमरमध्ये ज्या जनुकाचं वजन सर्वांत जास्त, ते एपीओई, एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. त्याची धोका वाढवणारी चौथी जात तुमच्या नवऱ्याकडूनही मुलीला मिळाली असू शकते. सासूबाईंच्या बाजूनेच. आणि ती असली तरी रोग होणारच असं नाही.

रोखठोक

म्हणजे स्कॅन खोटे?

खडूफळा

खोटे नाहीत. दिसलं ते दिसलं, तेवढं कबूल करतो. पण गट लहान होते. शिवाय अल्झायमरचे सुमारे दोनतृतीयांश रुग्ण बायकाच आहेत. मग 'आईला होता' हे वाक्य घराघरांत जास्त ऐकू येणारच. त्यावरून 'तुमच्या बाजूचं रक्त' म्हणणं हे विज्ञान नाही. तो बाईला बोल लावायचा जुनाच धंदा आहे, आणि तुम्ही त्याला पेट स्कॅनची साक्ष काढून देताय.

रोखठोक

माझा तसा हेतू नव्हता. मुलीचा उल्लेख मी घाईत वाचला. ते वाक्य मागे घेतो, स्कॅनचा मुद्दा ठेवतो.

सांजवात

काजळकाठ, तुम्ही कुठे मध्ये आलात? हाच तर माझा राग आहे. 'पेशीची वीज' असं एक सोपं वाक्य सुटलं की ते कुणाच्या घरात जाऊन कुणाला लागेल, सांगता येत नाही.

आता ऊर्जाकण. तंतुकणिकांवरच्या औषधाला संधीच मिळाली नाही असं तुमचं म्हणणं दिसतं. मिळाली की. लॅट्रेपिर्डीन. रशियातलं जुनं ॲलर्जीचं औषध, तंतुकणिका सावरतं म्हणून पुढे आणलं. १८३ रुग्णांवरची चाचणी २००८ मध्ये छापून आली, सुधारणा दिसली, गाजावाजा झाला. २०१० मध्ये मोठ्या चाचणीत दिखाऊ गोळीपेक्षा काहीच फरक नाही. अमायलॉइडवाल्यांचं अपयश मोजता, मग हेही मोजा. अमायलॉइड काढणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधामुळे १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. १८ गुणांच्या मापावर जेमतेम अर्ध्या गुणाचा फरक, आणि सुजेचा धोका वेगळाच. फार नाही, मलाही कळतं. पण दिसला तरी.

बाबांची गोष्ट सांगते. तुमच्यासारखंच कुणीतरी सांगितलं म्हणून आठ महिने को-क्यू टेन दिलं. आधीच दिवसाच्या अकरा गोळ्या, ही बारावी आणि सगळ्यांत जाडी. त्यांना गिळणं जड जायला लागलं होतं, आम्हाला उमगलं नाही. एका सकाळी उशीच्या अभ्र्यावर नारिंगी डाग दिसला. आदल्या रात्रीची कॅप्सूल गालात तशीच धरून झोपले होते, ती विरघळून ओठांच्या कडेने ओघळली होती. श्वासनलिकेत गेली असती तर? आणि त्याआधी कित्येक रात्री मी 'गिळा ना बाबा' म्हणून त्यांच्यावर आवाज चढवला होता. ते बिचारे तोंड मिटून माझ्याकडे बघत राहायचे.

ऊर्जाकण

लॅट्रेपिर्डीन ठाऊक आहे. तिथे औषध हरलं, सिद्धांत नाही.

खडूफळा

हेच वाक्य अमायलॉइडवाले वीस वर्षं म्हणत आले, आणि त्याचाच तुम्हाला संताप आहे.

ऊर्जाकण

बरं. हे लागू पडतं.

पण पेशी मरण्याआधी बराच काळ उपाशी असते, यावरून मी हटणार नाही. लक्षणं अगदी सौम्य असतात तेव्हाच स्मरणाच्या वाटेवरच्या एंटोरायनल भागाच्या दुसऱ्या थरातल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात, असं १९९६ मध्येच मोजून दाखवलंय. एवढ्या उशिरा प्लाक (अमायलॉइडचे साठे) धुऊन काय मिळणार? निकामी तंतुकणिका मोडीत काढण्याचं काम वाढवलं तर उंदरांत स्मरण सुधारलं, हे २०१९ चं काम आहे. तिकडे जायला हवं.

सांजवात

तिकडे जायलाच हवं, त्यात माझी आडकाठी नाही. उंदरांकडून थेट कुणाच्या बाबांच्या गोळ्यांच्या डबीत जाऊ नका, एवढंच मागते आहे.

ऊर्जाकण

डोसचं वाक्य आणि 'आजच सुरू करा' काढून टाकलंय. ज्यांनी विचारलं होतं त्या सगळ्यांना खाली लिहिलंय की आधी डॉक्टरांना विचारा, गिळायला त्रास होतो का ते बघा. 'थापेबाजी' तसंच ठेवतोय.

काजळकाठ

खडूफळा, तुमचं ते ३७ जनुकांचं उत्तर मुलीला वाचून दाखवलं. तिने वहीत लिहून घेतलंय. विचारत होती, ही वही आजीला दाखवू का.