टोमॅटोची बगलफूट: सगळी खुडायची की राहू द्यायची?

पालवी

"झाडाला मोकळं वाढू द्या, फुटवे कशाला खुडायचे" हा सल्ला हल्ली सारखा वाचायला मिळतो. माझं मत उलट आहे. उंच वाढणाऱ्या टोमॅटोची प्रत्येक बगलफूट खुडावी आणि झाड एकाच खोडावर वर न्यावं.

पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो त्या बेचक्यातून फुटवा, म्हणजेच बगलफूट, येतो. तो ठेवला की त्याचं नवं खोड होतं, मग त्याच्याही प्रत्येक बेचक्यातून फुटवे येतात. थोड्याच आठवड्यांत आतली पानं अंधारात जातात, वारा खेळत नाही, पाणी दिल्यावर पानं तासन् तास ओली राहतात. करपा या पानांच्या रोगाला याहून जास्त काही लागत नाही. शिवाय फळ कुठे आहे तेच दिसत नाही.

एकखोडी झाडं 40 ते 45 सेंमी अंतरावर बसतात, मोकळ्या झाडाला 90 सेंमी तरी हवेत. घरच्या बागेत जागाच कमी असते, मग हा हिशेब कसा टाळणार?

खुडायचं असं: आठवड्यातून एकदा, सकाळी, फुटवा 3 ते 5 सेंमीचा असताना. अंगठा आणि तर्जनीत बुडाशी धरा, एकदा एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला वाकवा, तो कट्‌कन तुटतो. सकाळी फुटव्यात पाणी भरलेलं असतं म्हणून तो स्वच्छ मोडतो. दुपारी मरगळलेला फुटवा ओढला की खोडाची साल सोलत येते. सकाळची जखम संध्याकाळपर्यंत सुकते, हा आणखी एक फायदा.

ओलमाती

पालवी, खुडायची रीत बिनचूक सांगितलीत, पण "प्रत्येक" या शब्दाला माझा विरोध आहे.

फुटवे झाडाचं अन्न खातात ही समजूत अर्धीच खरी आहे. फुटवा कोवळा असेपर्यंतच तो खोडाकडून घेतो. त्याची दोन-चार पानं पूर्ण उघडली की तो स्वतःचं अन्न स्वतः तयार करतो आणि पुढे त्याच्यावर लागणारे घोसही पोसतो. टोमॅटोचं फळ शेवटी पानांवरच भरतं. पानं निम्मी केलीत तर फळांची एकूण संख्या घटणारच. उरलेली फळं मोठी होतात आणि लवकर पिकतात, हे मान्य. पण एका झाडामागचं एकूण वजन बहुतेक वेळा मोकळ्या झाडाचंच जास्त भरतं.

एकखोडी झाडाची दुखणीही सांगायला हवीत. कडक ऊन थेट हिरव्या फळावर पडलं की उन्हाकडच्या बाजूला पांढरा, कागदासारखा चट्टा पडतो आणि त्यावर पुढे बुरशी येते. फळाचं तापमान 30 ते 32 अंशांच्या वर राहिलं तर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, देठाजवळचा भाग पिवळा आणि कडक राहतो. त्यात मुळांनी ओढलेलं पाणी मोजक्याच फळांत जातं, म्हणून कोरड्यानंतर भरपूर पाणी मिळालं की फळं तडकतात. पानांची सावली हे सगळं बरंच कमी करते.

बीजांकुर

तुम्हा दोघांच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: जात कोणती?

बुटक्या, मर्यादित वाढीच्या जातींची बगलफूट काढणं म्हणजे पीकच काढून टाकणं. त्यांचा शेंडा काही घोसांनंतर फुलोऱ्यात संपतो आणि पुढची सगळी फळं बाजूच्या फुटव्यांवरच येतात. हा गुण 1914 साली फ्लोरिडात सापडलेल्या 'सेल्फ-प्रूनिंग' या उत्परिवर्तनातून, म्हणजे आनुवंशिक गुणात आपोआप झालेल्या बदलातून, आला. अशा झाडाचे पहिल्या घोसाच्या खालचे, जमिनीलगतचे फुटवे तेवढे काढा. वरच्यांना हात लावू नका.

पाकिटावर काही लिहिलेलं नसेल तर झाडच सांगतं. दोन लागोपाठच्या घोसांमधली पानं मोजा. दर वेळी साधारण तीन पानं आणि मग घोस, असं चालू राहिलं तर झाड उंच वाढणारं आहे. दोन पानं, मग एक, मग शेंड्यालाच घोस अशी उतरण दिसली तर मर्यादित वाढीचं. हे कळेपर्यंत वरचं काहीही खुडू नये.

आणखी एक चूक सर्रास होते. घोस आणि फुटवा यांत गल्लत. फुटवा नेहमी बेचक्यातूनच निघतो, घोस दोन पानांच्या मधल्या खोडावरून थेट निघतो. अगदी शेंड्यापाशी दोन्ही सारखेच दिसतात. तिथे घाई केली तर मुख्य शेंडाच तुटून हातात येतो. वरच्या वितभर भागात ओळख पटेपर्यंत थांबा.

पालवी

बीजांकुर, बरोबर. माझं सगळं म्हणणं उंच वाढणाऱ्या जातींपुरतंच आहे.

ओलमाती, चट्टे आणि तडकणं यांची कारणं तुम्ही खुडणीच्या माथी मारताय. चट्टे पडतात ते बगलफुटीबरोबर मोठी पानंही कापली जातात म्हणून. फळावरची पानं ठेवायचीच असतात. जमिनीपासून 30 सेंमीपर्यंतची पानं काढावीत, कारण मातीचे शिंतोडे त्यांच्यावर उडतात आणि करपा तिथूनच वर चढतो. तीही एका वेळी दोनपेक्षा जास्त नकोत. आणि तडकणं हे अनियमित पाण्याचं दुखणं आहे. मातीवर 5 ते 7 सेंमी पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पाणी ठरावीक अंतराने द्या.

एकूण वजन झाडामागे मोजू नका, जागेमागे मोजा. एका मोकळ्या झाडाच्या जागेत दोन एकखोडी झाडं सहज बसतात.

ओलमाती

दोन झाडं बसतात, पण रोपं दुप्पट, आधार दुप्पट आणि दर आठवड्याची खुडणीही दुप्पट. एक आठवडा चुकला की फुटवा 20 सेंमीचा होतो. मग घाबरून सगळे एकदम काढले जातात आणि खालची पानं वरच्या बाजूला वळून जाड, चामड्यासारखी होतात. पुष्कळजण याला विषाणू समजून झाड उपटतात. विषाणूमुळे होणारा पर्णगुच्छ रोग शेंड्याच्या नव्या पानांवर दिसतो, ती बारीक आणि पिवळसर होतात, वाढ खुंटते. खुडणीच्या धक्क्याने वळलेली पानं खालची असतात आणि हिरवीच राहतात.

चेरी टोमॅटोला तर एकखोडी करण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. फळ जातीनेच लहान, ते मोठं करायचं नाही. मग घोस कमी करून काय मिळवलं?

सुतळीकाठी

उशिरा सापडलेल्या मोठ्या फुटव्याबद्दल. बोटाएवढा जाड झाला असेल तर बुडातून ओढू नका, मुख्य खोडाला मोठी जखम होते आणि दमट हवेत तिथे करडी बुरशी शिरते. त्याचा फक्त शेंडा खुडा आणि बुडाची एक-दोन पानं राहू द्या. पानं सावलीला उपयोगी पडतात, खोडाला जखम होत नाही. त्या पानांच्या बेचक्यातून पुन्हा फूट येते, तीही अशीच खुडत राहायची. कडक उन्हाच्या जागी तर लहान फुटव्यांनाही हीच रीत चांगली.

दुसरं, हात. मोझॅक विषाणू रसातून पसरतो आणि खुडणी म्हणजे एका झाडाचा रस दुसऱ्या झाडाच्या जखमेला लावणं. तंबाखूतूनही तो येऊ शकतो, म्हणून तंबाखू हाताळलेले हात साबणाने धुतल्याशिवाय टोमॅटोला लावू नयेत. स्पिरिटने कात्री पुसली की काम झालं असं मानतात, पण जिवाणू मरतात तरी या विषाणूवर स्पिरिटचा भरवसा धरता येत नाही. साय काढलेल्या दुधाची पावडर, 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम, या द्रावणात बोटं आणि पातं दर झाडानंतर बुडवणं जास्त खात्रीचं. संशयित झाड सगळ्यात शेवटी घ्या. पानं ओली असताना खुडणी करूच नका.

बीजांकुर

एक खोड की मोकळं झाड, यांच्यामध्ये दोन खोडांची पद्धत आहे आणि मला घरासाठी तीच सगळ्यात योग्य वाटते. पहिल्या घोसाच्या लगेच खालच्या बेचक्यातला फुटवा सगळ्यात जोमदार असतो. तेवढा ठेवायचा, बाकीचे काढायचे. त्याला वेगळी काठी किंवा वेगळी सुतळी द्यायची. झाडांत 60 सेंमी अंतर पुरतं. फार खालून, जमिनीपाशी निघालेला फुटवा निवडू नका. त्याचे पहिले घोस मातीजवळ लोंबतात.

कुंडी मात्र तशी हवी. एका खोडाला 20 लिटर माती कमीत कमी, दोन खोडांना 30 ते 40. लहान कुंडीत दोन खोडं ठेवली तर दुपारी झाड मान टाकतं, पाण्याबरोबर कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही आणि फळाच्या बुडाशी काळा, खोलगट डाग पडतो.

पालवी

20 लिटरच्या कुंडीत मी एकाच खोडावर ठाम आहे. 40 लिटर असतील तर दोन खोडांना हरकत नाही.

फुटवे धडाधड येत असतील तर नत्रही तपासा. नत्र जास्त झालं की पानं गर्द हिरवी, खोड जाड, फुटवे भरपूर आणि फुलं थोडी. तिथे नुसतं खुडत राहून भागत नाही, खत बदलावं लागतं.

ओलमाती

हे पूर्ण पटलं. चेरीबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

आणि खुडलेला फुटवा फेकू नका. 10 ते 15 सेंमीचा, फूल नसलेला फुटवा घ्या, खालची पानं काढा, पाण्यात किंवा ओल्या कोकोपीटमध्ये सावलीत ठेवा. आठवड्या-दहा दिवसांत मुळं येतात. हे रोप बियाण्याच्या रोपापेक्षा लवकर फुलतं. फक्त निरोगी झाडाचाच घ्या, विषाणू असेल तर तोही सोबत येतो.

सुतळीकाठी

शेंडा खुडण्याबद्दल कोणी बोललं नाही. फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंत साधारण 45 ते 60 दिवस लागतात. हंगाम संपायला तेवढेच दिवस उरले की नव्या फुलांचा उपयोग नसतो. शेवटच्या कामाच्या घोसावर दोन पानं ठेवून मुख्य शेंडा खुडा. त्यानंतर झाड सगळ्या बेचक्यांतून एकदम फुटतं, म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे दर तीन-चार दिवसांनी झाड तपासावं लागतं. मोकळ्या झाडाला हे जमत नाही, तिथे शेंडे मोजायलाच वेळ जातो. ओलमाती, यावर तुमचा उपाय काय?

ओलमाती

सगळे शेंडे शोधायचे नाहीत. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत नवी फुलंच खुडून टाकायची, फांद्या तशाच ठेवायच्या. पानं शेवटपर्यंत फळं भरत राहतात.