मदत हवी आहे: .भारत डोमेन जुन्या साइटला जोडताना सर्टिफिकेट मिळत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाची साइट .ऑर्ग डोमेनवर आहे, उबुंटूवर एनजिनएक्स (वेब सर्व्हर). आता देवनागरी नावाचं .भारत डोमेनही घेतलंय. ज्येष्ठ वाचकांना पत्ता मराठीत टाइप करता यावा, अशी फार इच्छा आहे.

मूळ नावाला सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारा डीएनएस रेकॉर्ड) देता येत नाही (तिथे एसओए आणि एनएस हे आवश्यक रेकॉर्ड असतातच), म्हणून ए रेकॉर्ड (थेट आयपीव्ही४ पत्ता) दिलाय. ब्राउझर देवनागरी नाव प्युनीकोडमध्ये (इंग्रजी अक्षरांतल्या रूपात) पाठवतो, त्यामुळे सर्व्हर ब्लॉकमध्ये ‘एक्सएन--’ने सुरू होणारं रूपच लिहिलंय. साध्या एचटीटीपीवर माझ्याकडून जुन्या साइटकडे ३०१ (कायमचा) रीडायरेक्ट व्यवस्थित होतो. एचटीटीपीएसवर मात्र इशारा येतो. सर्टिफिकेट रीडायरेक्टच्या आधीच तपासलं जातं, म्हणजे नवं नाव त्यात घालावंच लागणार.

घोडं अडलंय ते इथे. सर्टबॉटने (लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत सर्टिफिकेट आणणारं साधन) नवं नाव जोडायला गेलं की पडताळणीच्या विनंतीला ४०४ (पान सापडलं नाही) येतो, आणि ती विनंती आमच्या ॲक्सेस लॉगमध्ये दिसतच नाही. ‘डिग’ (डीएनएस रेकॉर्ड दाखवणारी कमांड) चालवून पाहिलं तर एक क्वाड-ए रेकॉर्ड (आयपीव्ही६ पत्ता देणारा) सापडला. तो आयपीव्ही६ पत्ता आमचा नाही! लेट्स एन्क्रिप्ट असा रेकॉर्ड असेल तर आधी आयपीव्ही६वरच जातं, त्यामुळे माझा संशय त्याच्यावरच आहे. पण रजिस्ट्रारच्या (जिथून डोमेन घेतलं त्यांच्या) पॅनेलमध्ये तो कुठेच दिसत नाही, तर काढायचा कसा?

हा पार्किंग पानाचा (नव्या डोमेनवर आधी दिसणाऱ्या तात्पुरत्या पानाचा) उरलेला रेकॉर्ड असू शकतो का? नेमसर्व्हरच (हे रेकॉर्ड देणारे सर्व्हर) दुसरीकडे हलवावेत, की डीएनएसमधल्या टीएक्सटी (मजकूर) रेकॉर्डने पडताळणी करून घ्यावी? दुसऱ्या उपायाने सर्टिफिकेट मिळेल, पण आयपीव्ही६वरचे वाचक भलत्याच पानावर जातील, ही काळजी आहे. .भारत डोमेन चालवणाऱ्यांनी कृपया सांगा.