मदत हवी आहे: फार्मव्हिलच्या बंद शाळा

मंडळी, व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल या छोट्या गावातल्या शाळांवर मुलांसाठी लिहितेय. कृष्णवर्णीयांचं मोटन हायस्कूल 180 मुलांसाठी बांधलेलं, कोंबली 450च्या आसपास. जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत. शेगडीजवळचा घामाघूम, लांबचा कुडकुडतोय. 1951 साली सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने संप घडवला, त्यातला खटला ब्राउन निकालाचा भाग झाला (सरकारी शाळांत गोऱ्या-काळ्या मुलांना वेगळं ठेवणं घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल). काउंटीने (तिथल्या जिल्हा प्रशासनाने) मात्र कहरच केला: एकत्र शिकवण्यापेक्षा 1959 ते 1964 सरकारी शाळांनाच टाळं! गोऱ्यांसाठी खासगी शाळा लगेच निघाली म्हणा.

त्या पाच वर्षांत कृष्णवर्णीय मुलं कुठे, कशी शिकली, याच्या आठवणी हव्यात. मोटनच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. रिचमंडकडचं कोणी गेलंय का? मुलाखती ऐकायला मिळतात, की आधी कळवावं लागतं?